ओढदोरीची करामत

पुणे शहराच्या उत्तरेस, मुळा नदीच्या काठी खडकी वसलेली आहे. इतिहासाच्या पुस्तकात हे नाव तुम्ही वाचले असेल. कारण ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे सैन्य आणि इंग्रजांची फौज यांची लढाई याच परिसरात झाली. त्या लढाईनंतर येथे लष्कराची छावणी पडली. छावणीमागून रुंद रस्ते आले, ऐसपैस आवारांचे बंगले आले आणि त्या बंगल्यांपुढे हिरवळी आल्या. १८६९ मध्ये येथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या १६०० हून अधिक सैनिकांची स्मशानभूमीही खडकीतच आहे. तेथे नावे कोरलेल्या शिळांच्या रांगांभोवती हिरवळ राखलेली दिसते.

हिरवळ ही दुरून पाहणाऱ्याला फुकटची शोभा वाटते. ती राखणाऱ्या माळ्याला मात्र ती क्षणाची उसंत देत नाही. मृगाचा पाऊस पडला की गवत पाहता पाहता घोट्यापर्यंत येते. मग उन्हाळाभर पडवीच्या कोपऱ्यात पडून असलेले गवत कापण्याचे यंत्र बाहेर निघते. माळी त्यावरची धूळ झटकतो, टाकीत पेट्रोल ओततो, एक पाय यंत्रावर रोवून दोरीची मूठ धरतो आणि ओढतो. कधी कधी याच क्षणी दोरी तुटते व मूठ त्याच्या हातात राहते. पावसाची उघडीप दोन तासांची. गवत ओले होण्यापूर्वी काम उरकायचे असते. ज्याची मजुरी दिवसावर असते, त्याच्या दृष्टीने तुटलेली दोरी ही लहानसहान बाब नव्हे. म्हणून ही दोरी काय करते आणि ती तुटली असता काय करावे, हे आपण नीट समजून घेऊ.

गवत कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडमध्ये एडविन बडिंग नावाच्या कल्पक माणसाने १८३० साली तयार केले. लोकरी कापडाच्या गिरणीत कापडावर उभी राहिलेली लव कातरून सपाट करणारे एक यंत्र असे. ते पाहून, कापडाची लव कातरता येते तर जमिनीची का नाही, असा विचार त्याच्या मनात आला. त्याचे यंत्र माणसाने ढकलायचे होते. पुढे मोठ्या यंत्रांना घोडे जोडू लागले. तेव्हा टापांनी हिरवळ उखडू नये म्हणून घोड्यांच्या पायांत चामड्याचे बूट चढवीत! विसाव्या शतकात या यंत्रावर लहानसे पेट्रोल इंजिन बसले, तेव्हा घोड्यांची सुटका झाली. परंतु एक नवीच अडचण उभी राहिली. घोडा हाकेसरशी चालू लागतो. इंजिनाचे तसे नाही.

इंजिन आपले आपण का सुरू होत नाही? याचे उत्तर त्याच्या कामाच्या रीतीत आहे. इंजिनाच्या सिलिंडरात एक दट्ट्या खालीवर होत असतो. तो खाली जाताना पेट्रोलची वाफ व हवा आत ओढून घेतो. वर येताना हे मिश्रण दाबून लहानशा जागेत कोंडतो. मग ठिणगी पडते, मिश्रण पेट घेते, आणि तापलेले वायू दट्ट्याला जोराने खाली ढकलतात. शेवटी दट्ट्या पुन्हा वर येऊन जळका धूर बाहेर लोटतो. अशा चार हालचालींचा एक फेरा होतो. जर्मनीतील निकोलाउस ऑटो याने १८७६ मध्ये या रीतीचे इंजिन चालवून दाखवले आणि आजही बहुतेक पेट्रोल इंजिने याच रीतीने चालतात.

आता या चार हालचालींकडे पुन्हा एकदा पाहा. शक्ती मिळते ती केवळ तिसऱ्या हालचालीत. पहिल्या दोन हालचाली, म्हणजे ओढून घेणे व दाबणे, यांना उलट शक्ती खर्च करावी लागते. इंजिन चालू असते तेव्हा ही शक्ती मागील फेऱ्यातून साठवलेली असते. दांड्याच्या टोकाला बसवलेले जड चाक, ज्याला कारागीर फ्लायव्हील म्हणतात, ते आपल्या वेगाने दट्ट्याला पुढे रेटीत नेते. परंतु थंड, स्थिर इंजिनाला मागील फेराच नसतो. तो पहिला फेरा कोणीतरी बाहेरून द्यावा लागतो. माळ्याचा हात जे देतो ते एवढेच. पण त्यावाचून पुढचे काहीच घडत नाही.

एवढेच असते, तर दांड्याला एक हँडल बसवून ते सावकाश फिरवले असते तरी चालले असते. या लहान इंजिनाला ते चालत नाही. त्याच्याजवळ ठिणगीसाठी बॅटरी नसते. फ्लायव्हीलच्या कडेत लोहचुंबक बसवलेले असतात आणि ते तारेच्या एका वेटोळ्याजवळून झरकन जातात. वेटोळ्याजवळचे चुंबकत्व बदलले की तारेत वीज उत्पन्न होते, हा शोध मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये लावला. चुंबक जितक्या वेगाने जाईल तितकी वीज जोरकस. सावकाश फिरवलेले चाक ठिणगी पाडू शकत नाही. म्हणून नुसता जोर पुरत नाही, वेग हवा.

वेग कसा मिळवावा, हे तुमच्यापैकी भोवरा खेळणाऱ्यांना सांगायला नको. भोवऱ्याला जाळी घट्ट गुंडाळायची आणि झटक्याने फेकून ती ओढून घ्यायची. भोवरा आरीवर गरगर फिरू लागतो. जुन्या इंजिनांची दोरी तंतोतंत अशीच होती. चाकाच्या खाचेत दोरीच्या टोकाची गाठ अडकवायची, दोरी हाताने गुंडाळायची, आणि ओढायची. दोरी सुटून हातात येई व इंजिन फिरे. सुरू झाले नाही, तर पुन्हा गुंडाळायची. दहा वेळा ओढायचे म्हणजे दहा वेळा गुंडाळायचे. आणि घाईत दोरी हरवली, तर शोधत बसायचे ते वेगळेच. पुढे कारागिरांनी अशी योजना केली की दोरी आपली आपणच गुंडाळली जावी. आपल्याला ज्या भागाची दुरुस्ती करायची आहे, तो हाच.

यंत्राच्या माथ्यावर पत्र्याचे एक टोपण असते. तीन-चार स्क्रू काढले की ते दोरीसकट सुटे होते. ते उलटे करून पाहिले असता आत एक कप्पी दिसते. दोरीचे एक टोक या कप्पीला बांधलेले असते, दुसरे टोपणाच्या भोकातून बाहेर येऊन मुठीला बांधलेले असते. कप्पीखाली पोलादी पट्टीची एक स्प्रिंग असते. पट्टी सुमारे एक सेंटिमीटर रुंद आणि काही मीटर लांब. पण घड्याळाच्या स्प्रिंगेप्रमाणे वेटोळी घालून ती बशीएवढ्या जागेत बसवलेली असते. तिचे एक टोक टोपणात, दुसरे कप्पीत अडकवलेले असते. दोरी ओढली की कप्पी फिरते आणि स्प्रिंग आवळली जाते. मूठ परत नेली की स्प्रिंग उलगडते आणि कप्पीला उलट फिरवून दोरी आत घेते. म्हणजे ओढणाऱ्याच्या श्रमातला थोडासा भाग स्प्रिंग बाजूला ठेवते आणि दोरी परत आणण्यासाठी तोच खर्च करते.

येथे चतुर मुलांच्या मनात एक शंका येईल. इंजिन सुरू झाल्यावर फ्लायव्हील मिनिटाला तीन हजारांच्या घरात फेरे घेते. कप्पी त्याला जोडलेली असेल, तर दोरी व मूठ त्याबरोबर गरगर फिरून हात मोडणार नाही काय? शंका अगदी रास्त आहे. म्हणूनच कप्पी फ्लायव्हीलला कायमची जोडलेली नसते. दोहोंमध्ये खटके असतात. कप्पी ओढीच्या दिशेने फिरू लागली की खटके बाहेर सरकून फ्लायव्हीलवरच्या वाटीच्या दात्यांत अडकतात. वाटी कप्पीच्या पुढे धावू लागली की तेच खटके दात्यांवरून घसरून मागे येतात. काही जुन्या यंत्रांत खटक्यांऐवजी पोलादाच्या लहान गोळ्या असतात. चाक स्थिर असते तेव्हा गोळ्या खाली घरंगळून दात्यांत अडकतात. वेग वाढला की त्या बाहेरच्या कडेला फेकल्या जातात आणि जोड सुटतो. दोन पैशांच्या गोळीकडून एवढे चोख काम करून घेणाऱ्या कारागिराचे मला नेहमीच कौतुक वाटते.

आता थोडे गणित करू. समजा, कप्पीचा व्यास ८ सेंटिमीटर आहे. म्हणजे तिचा परीघ सुमारे २५ सेंटिमीटर झाला. आपण सव्वा मीटर दोरी ओढली, तर कप्पी पाच फेरे घेईल. ही ओढ अर्ध्या सेकंदात झाली, तर वेग मिनिटाला ६०० फेऱ्यांचा झाला. दट्ट्याच्या चार हालचालींना चाकाचे दोन फेरे लागतात. म्हणून एका ओढीत इंजिनाला पेट घेण्याची संधी जेमतेम दोनदा मिळते. एका ओढीत इंजिन सुरू झाले नाही, म्हणून रागावण्याचे कारण नाही, हे यावरून ध्यानात येईल.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी दोष कोठे आहे ते पाहावे. दोरी तुटली असेल, तर प्रश्नच नाही. दोरी ओढता येते पण आत जात नाही, तर स्प्रिंग तुटली आहे, निसटली आहे किंवा ढिली पडली आहे. दोरी सहज बाहेर येते, आतही जाते, पण इंजिन फिरत नाही, तर खटके झिजले आहेत किंवा जुन्या चिकट वंगणाने अडकून बसले आहेत. ते रॉकेलने पुसून कोरडे केले की बहुधा काम भागते. गोळ्यांच्या जोडात तर तेल ओतूच नये. तेलकट धुळीत गोळ्या रुतून बसतात. आणि दोरी मुळीच हलत नसेल, तर दोष बहुधा दोरीचा नसतोच. टोपण काढून फ्लायव्हील हाताने फिरवून पाहावे. तेही फिरत नसेल, तर पात्याभोवती गवताचा गोळा बसला असेल, किंवा यंत्र भलत्या कुशीवर आडवे केल्यामुळे तेल सिलिंडरात उतरले असेल. अशा वेळी जोराने दोरी हिसडणारा माणूस चांगली दोरी मात्र तोडून ठेवतो.

या कामात दोन धोके आहेत, आणि दोन्ही ठाऊक असल्यावाचून यंत्रास हात लावू नये. पहिला धोका पात्याचा. इंजिन बंद आहे म्हणजे ते निरुपद्रवी आहे, असे नव्हे. आपण पाते किंवा चाक हाताने फिरवले, तरी ठिणगी पडून इंजिन एखादी उसळी घेऊ शकते, आणि त्या एका उसळीत बोटे जाऊ शकतात. म्हणून सर्वांत आधी स्पार्क प्लगवरची तार उपसून दूर वळवून ठेवावी. ठिणगीचा मार्गच तुटला की पाते मुके झाले. दुसरा धोका स्प्रिंगेचा. कप्पी बेसावधपणे उचलली, तर दाबून ठेवलेली ती लांब पट्टी फणा काढल्यासारखी उसळून बाहेर येते. तिची कड धारदार असते व ती थेट तोंडाकडे येते. कारागीर डोळ्यांवर चष्मा आणि हातांत जाड मोजे घालतात ते याच कारणाने. नुसती दोरी बदलायची असेल, तर कप्पी काढावी लागत नाही आणि स्प्रिंगेला जागेवरून हलवावेही लागत नाही. स्प्रिंग तुटली असेल, तर मात्र ते काम मुलांनी पाहावे, करू नये. ते जाणत्या माणसाचे आहे.

दोरी बदलण्याचे काम असे. टोपण काढून उलटे ठेवावे. कप्पीतील जुनी गाठ सोडवून दोरीचा तुकडा काढून घ्यावा. मुठीकडचा तुकडाही जपून ठेवावा, कारण दोन्ही तुकडे एकापुढे एक मांडले म्हणजे नव्या दोरीची लांबी कळते. गाठींसाठी वीतभर अधिक धरावी. जाडीही जुन्याइतकीच हवी. दोरी जाड घेतली, तर ती कप्पीच्या खोबणीत मावत नाही. बारीक घेतली, तर वेढ्यांत वेढे रुतून अडकते. घरात सापडेल ती सुतळी बांधून चालत नाही. सुतळीचा पीळ उकलतो, भोकाच्या कडेवर तिचे तंतू झिजतात आणि दहा दिवसांत पुन्हा तीच वेळ येते. वेणीसारखी विणलेली नायलॉनची दोरी या कामास उत्तम. तिची टोके मोठ्या माणसाने मेणबत्तीवर क्षणभर धरावीत, म्हणजे नायलॉन वितळून धागे एकजीव होतात. मेणबत्ती लावण्यापूर्वी यंत्र व पेट्रोलचा डबा दोन्ही दूर ठेवलेली असावीत, हे सांगणे न लगे.

यानंतरचा भाग थोडा नाजूक आहे, आणि बहुतेकांचे काम फसते ते येथेच. घाईने दोरी कप्पीला बांधली, ती गुंडाळली आणि टोपण बसवले, तर दोरी ओढता येते खरी, पण परत जात नाही. कारण स्प्रिंग ढिलीच राहिलेली असते. दोरी बांधण्यापूर्वी स्प्रिंग आवळून घेतली पाहिजे. दोरी ओढताना कप्पी ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेने ती हाताने फिरवीत जावी. साधारण पाच-सहा फेऱ्यांनंतर स्प्रिंग पुरती आवळली जाते व कप्पी पुढे सरकेनाशी होते. तेथेच न थांबता कप्पी सुमारे एक फेरा मागे आणावी आणि तिचे भोक टोपणाच्या भोकासमोर येईल तेथे ती धरून ठेवावी. सोबत्याने दोन्ही भोकांतून जाईल असा एखादा खिळा घातला किंवा पकडीने कप्पी आवळून धरली, तर काम सोपे होते.

एक फेरा मागे का? विचार करून पाहा. दोरी पूर्ण बाहेर येईल, तेव्हा कप्पी आता आहे त्याच जागी येणार आहे. स्प्रिंग तेथे अगदी शेवटापर्यंत आवळलेली असेल, तर ओढणाऱ्याचा सारा हिसका तिच्यावर बसेल आणि पोलादाची पट्टी कडकन तुटेल. एक फेरा शिल्लक असेल, तर दोरी संपते तरी स्प्रिंग संपत नाही. घड्याळाला चावी देताना शेवटी जोर करू नये, असे घरची वडील माणसे सांगत, त्याचेही कारण हेच.

मग दोरीचे टोक टोपणाच्या भोकातून आत घालून कप्पीच्या भोकातून काढावे आणि गाठ मारावी. सुरगाठ येथे उपयोगाची नाही. निरगाठच हवी, आणि ती दातओठ खाऊन घट्ट करावी. दुसऱ्या टोकाला मूठ ओवून तेथेही तशीच निरगाठ. आता कप्पीवरचा अडसर काढावा, पण कप्पी एकदम सोडू नये. अंगठ्याने दाब ठेवून तिला हळूहळू फिरू द्यावे. दोरी वेढ्यामागून वेढा घेत आत जाते आणि मूठ टोपणाला येऊन टेकते. टेकल्यावरही मूठ किंचित ओढून धरल्यासारखी वाटली पाहिजे. ती लोंबत राहिली, तर स्प्रिंगेला अर्धा-एक फेरा कमी पडला असे समजावे व तेवढे काम पुन्हा करावे.

टोपण यंत्रावर बसवतानाही एक बारकावा आहे. स्क्रू ढिले ठेवून दोरी वीतभर ओढावी. खटके वाटीत अडकले की टोपण आपोआप मधोमध येते. तसे आल्यावर मगच स्क्रू आवळावेत. नाही तर कप्पी एका अंगाला घासत राहते. प्लगची तार सर्वांत शेवटी जागेवर लावावी.

ओढण्याचीही रीत आहे. मूठ धरून प्रथम सावकाश ओढावे. मिश्रण दाबले जाऊ लागले की हाताला प्रतिकार जाणवतो. तेथून एकसारखी, चपळ आणि सरळ रेषेत ओढ द्यावी. तिरपी ओढ दिली की दोरी भोकाच्या कडेवर करवतल्यासारखी घासते; तुटलेल्या दोऱ्या पाहिल्यास बहुतेक याच जागी झिजलेल्या आढळतात. दोरी हाताला गुंडाळून कधीही ओढू नये. ठिणगी अवेळी पडली, तर इंजिन उलटा हिसका देते. मूठ बोटांतून सुटून जाते, गुंडाळलेला हात सुटत नाही. आणि ओढून झाल्यावर मूठ सोडून देऊ नये, हाताने परत नेऊन ठेवावी.

असा उलटा हिसका आपल्याकडील शेतकऱ्यांनी पूर्वीपासून अनुभवला आहे. त्याचाही खडकीशी संबंध आहे. किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगरांचा कारखाना काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. विहिरीचे पाणी उपसण्यासाठी मोटेऐवजी डिझेल इंजिने गावोगाव बसली, ती अशा कारखान्यांतून. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती तापून इंधन आपोआप पेटते. एवढा दाब दोरीच्या ओढीने कसा जिंकावा? त्यासाठी युक्ती निराळी. इंजिनावर एक लहान खटका असतो. तो उचलला की झडप उघडी राहते, हवा कोंडत नाही आणि हँडल हलके फिरते. दोन हातांनी हँडल मारून जड चाकाला पुरेसा वेग आला की खटका पाडायचा; चाकाचा साठलेला वेग दट्ट्याला दाबातून पार नेतो आणि ठक्‌ ठक्‌ आवाज सुरू होतो. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीभोवती वळवू नये, असे जुने लोक नवशिक्याला पहिल्याच दिवशी बजावीत.

मोटारीलाही आरंभी असेच हँडल मारावे लागे. १९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंग याने तयार केलेला विजेचा स्टार्टर बसला आणि हळूहळू ते हँडल मागे पडले. गवत कापण्याच्या यंत्राला मात्र त्यासाठी बॅटरी वागवणे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून दोरी टिकली. आता विजेवर व बॅटरीवर चालणारी यंत्रेही आली आहेत, त्यांना दोरी नाही. पण ज्या पडवीत जुने यंत्र आहे, तेथे पावसाळ्याच्या तोंडी दोरी बाहेर ओढून तिचे धागे तपासावेत. एखादी लट तुटलेली दिसली, तर ती पुरती तुटण्याची वाट न पाहता त्याच दिवशी बदलावी. तुटलेल्या दोरीपेक्षा अखंड दोरी बदलणे सोपे, कारण तिची लांबी मोजायला तुकडे जुळवावे लागत नाहीत.